नवीन ८०७ घ्यायच्या आधी त्याच्या ग्रिडवर काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांनी घरीच बनवलेला सीडब्ल्यूचा, म्हणजे मोर्स पाठवायचा ट्रान्समीटर माळ्यावर होता, तो खाली काढलात. आत फ्रिक्वेन्सी तयार करणारा एक ६व्ही६ क्रिस्टल ऑसिलेटर, पुढे त्याची पॉवर वाढवणारा व्हॉल्व्ह एक ८०७, सप्लायमधे एसीचं डीसी करणारा ५आर४ रेक्टिफायर. ड्रॉइंग सापडत नाहीये. लायसन्स नुकतंच हातात आलंय म्हणून उत्साहात प्लगला लावला, सगळे व्हॉल्व्ह पेटले, मोर्सची की (चावी) दाबली आणि दोन-तीन सेकंदात ८०७ ची प्लेट (करंट गोळा करणारा आतला पत्रा) लाल झाली, मीटरचा काटा शेवटाला टेकला, पॉवर मीटरवर मात्र काहीच नाही. आणि विचारताय की ८०७ गेलाय का, नवीन कुठे मिळेल, नाहीतर त्याच्या जागी दुसरं काय बसेल.

माझ्या अंदाजाने ८०७ गेलेला नाही. प्लेट लाल होण्याइतका करंट तो ओढतोय म्हणजे हीटर चालू आहे, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडमधे दम आहे. म्हातारा झालेला व्हॉल्व्ह उलटा वागतो, काटा वर यायलाच तयार नसतो. आत शॉर्ट किंवा गॅस असेल तर गोष्ट वेगळी, पण ते बघता येतं, पुढे सांगतो. नवीन ८०७ आणून त्याच सॉकेटमधे लावलात तर तोही तसाच लाल होणार, त्यामुळे खरेदी आत्ता थांबवा. खरा प्रश्न असा आहे की या व्हॉल्व्हला आवरणारं निगेटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर, म्हणजे करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीवर, का येत नाहीये.

हे जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. त्या काळच्या घरगुती सेटमधे ८०७ ला बायस, म्हणजे ग्रिडवरचं हे निगेटिव्ह व्होल्टेज, सहसा वेगळ्या सप्लायमधून दिलेला नसायचा. ऑसिलेटरकडून आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, येतो, प्रत्येक सायकलच्या पॉझिटिव्ह टोकाला ग्रिड थोडा करंट ओढतो, तो करंट ग्रिड लीकच्या रेझिस्टरमधून चेसिसला जातो आणि त्यामुळे ग्रिड निगेटिव्ह होतो. १५ के (किलोओहम) मधून ३ मिलिअँप गेला की झाले ४५ व्होल्ट, आणि ८०७ ला क्लास सी मधे (व्हॉल्व्ह सायकलच्या थोड्याच भागात चालतो अशा पद्धतीत) साधारण तेवढाच बायस लागतो. म्हणजे ऑसिलेटर स्वतःच पुढच्या व्हॉल्व्हचा लगाम धरून असतो. ऑसिलेटर बंद पडला की ग्रिड शून्यावर, प्लेटवर ६०० व्होल्ट तसेच, करंट शंभर मिलिअँपच्या वर, आणि आरएफ काहीच नसल्यामुळे ती सगळी ६०-७० वॉट पॉवर प्लेटमधे उष्णता म्हणून जिरते. ८०७ ची प्लेट सतत २५ वॉट सोसते, हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांच्या थांबत-थांबत वापरात ३०. तुम्ही बघितलंत ते बहुतेक हेच. पॉवर मीटरवर शून्य होतं हा तर पुरावाच म्हणायचा.

आता ड्राइव्ह, म्हणजे ग्रिडवर यायला हवा तो आरएफ, का नाही, याची कारणं तीन-चार असू शकतात आणि कुठलं ते सेट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ऑसिलेटर हलतच (ऑसिलेट होतच) नसेल, हलत असेल पण आरएफ ग्रिडपर्यंत पोचत नसेल, ग्रिडचा चोक (आरएफ अडवणारी कॉइल) किंवा लीकचा रेझिस्टर ओपन असेल, किंवा मधला कपलिंग कंडेन्सर गळत असेल आणि ६व्ही६ च्या प्लेटचं पॉझिटिव्ह व्होल्टेज ८०७ च्या ग्रिडवर येत असेल. शेवटच्या दोन गोष्टी जुन्या सेटमधे मला वारंवार सापडतात.

पण त्याच्या आधी जिवाचं बोलू. हे वाचेपर्यंत सेट प्लगला लावू नका. ६०० व्होल्टच्या एचटी (हाय टेन्शन, प्लेटचं मुख्य डीसी व्होल्टेज) साठी ट्रान्सफॉर्मर बहुधा ७००-०-७०० चा असणार, म्हणजे दोन टोकांत १४०० व्होल्ट एसी, आणि तो दोनशे मिलिअँप सहज देतो. माणूस जायला याच्या निम्म्याहूनही कमी पुरतो. ट्रान्झिस्टरच्या सेटवर काम करायची सवय असेल तर हात सहज आत जातात, ती सवय इथे चालणार नाही. एक लांब कोरडी लाकडी काठी घ्या, तिच्या टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला १ के १० वॉटचा रेझिस्टर आणि पुढे जाड वायर चेसिसला घट्ट आवळलेली. सेट बंद केला, प्लग भिंतीतून काढला, मग या काठीने एचटी लाइन आणि ८०७ ची टोपी (वरचं प्लेटचं टोक) दोन्हीला टेकवायचं, मग साध्या वायरने परत शॉर्ट करायचं, मग मीटरने बघायचं, मग हात. प्रत्येक वेळी, पाचच मिनिटांपूर्वी केलं असलं तरी. आणि घरात दुसरं कुणीतरी असतानाच काम करायचं, त्यांना मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा.

दोन जागा विशेष सांगतो कारण त्या बघून धोका कळत नाही. एक म्हणजे तुमची की. बऱ्याच जुन्या सेटमधे की थेट कॅथोडमधे असते, की उघडी असताना कॅथोड वर चढतो आणि त्या उघड्या पितळी दांडीवर शंभराच्या वर व्होल्ट येऊ शकतात. तुम्ही ती उघड्या हाताने दाबलीत. मधे एक रिले घाला, कॉइल १२ व्होल्टची, की फक्त रिले चालवेल. दुसरी जागा प्लेट करंटचा मीटर. तो जर एचटी लाइनमधे जोडलेला असेल तर त्याच्या मधोमध असलेल्या शून्य जुळवायच्या स्क्रूच्या आणि तुमच्या बोटाच्या मधे ६०० व्होल्ट अडवायला फक्त जुन्या बॅकेलाइटचा पातळ थर आहे. मी असे मीटर कॅथोडच्या बाजूला हलवतो, पुढचं पॅनल दिसायला तसंच राहतं. कॅथोडमधे लावला की स्क्रीन (ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी) आणि ग्रिडचा करंटही त्यात मिळून दिसतो, साधारण १० मिलिअँप जास्त, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता वीज न लावता करायच्या गोष्टी. चेसिस उलटी करा, दिवसाच्या उजेडात चारी बाजूंनी फोटो काढा, आणि एक-एक वायर धरून स्वतः ड्रॉइंग काढा. रेक्टिफायर सोडला तर दोन व्हॉल्व्हचा सेट आहे, एका रविवारात होतं. कापडी स्लीव्हच्या आत रबर कडक होऊन भुगा झालेलं असेल तिथे वायर बदला. ८०७ चं सॉकेट पाच पिनांचं, १ आणि ५ हीटर, २ स्क्रीन, ३ कंट्रोल ग्रिड, ४ कॅथोड, आणि प्लेट वर टोपीला. ८०७ सॉकेटमधून काढा आणि पिन ३ ते चेसिस रेझिस्टन्स मोजा. ग्रिड लीक आणि त्याच्या जोडीचा छोटा आरएफ चोक मिळून १२ ते २० के च्या आसपास यायला हवा. मीटर ओपन दाखवत असेल तर तुमचा दोष तिथेच सापडला, ग्रिड अधांतरी आहे. हे चोक बारीक वायरचे असतात, दमट हवेत टोकाला हिरवे पडून तुटतात, कोकणातून आणि मुंबईहून आलेल्या सेटमधे तर मी सगळ्यात आधी चोकच तपासतो. जुने कार्बन रेझिस्टरही सगळे मोजा, ते वयाबरोबर वर सरकतात, ४७ के वाला ८० के दाखवतो. वीस टक्क्यांच्या पुढे गेलेला असेल तर बदला.

आणि एक करा, आजोबांचं लॉगबुक शोधा. त्या पिढीतले बरेच जण लॉगच्या मागच्या पानांवर डायलच्या खुणा, ग्रिड करंट, प्लेट करंट लिहून ठेवायचे, कधीकधी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने असतं. 'ग्रिड ३, प्लेट ८५, डायल ४२' अशी एक ओळ सापडली तरी हरवलेल्या ड्रॉइंगपेक्षा ती जास्त कामाची, कारण सेट ठणठणीत असताना तो कसा वागत होता हे त्यात आहे. झाकण पुसायच्या आधी बघा.

मेनची बाजू. दोन पिनी वायर असेल तर काढून तीन पिनी लावा, अर्थ चेसिसला स्क्रूने, फेजमधे फ्यूज. मेनच्या वायरीतून चेसिसला जाणारे छोटे कागदी कंडेन्सर असतील तर काढून टाका, त्या जागी आता सुरक्षिततेच्या रेटिंगचे वाय क्लासचे मिळतात. ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं माळ्यावर होता म्हणजे ओल धरलेली असणार. ओळखीच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) प्रायमरी-सेकंडरी-चेसिस बघून घ्या. कमी दाखवलं तर लगेच रिवाइंडला देऊ नका, लाकडी खोक्यात ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून त्यात दोन-तीन दिवस ठेवा आणि परत मोजा, बऱ्याचदा सावरतो.

एचटी चे कंडेन्सर. चौकोनी पत्र्याच्या डब्यातले तेलाचे असतील तर ते बहुतेक अजून चांगले असतात. गळत असेल तर बदला, आणि कुठल्याही परिस्थितीत कापून उघडू नका, जुन्या तेलात पीसीबी हे विषारी द्रव्य असू शकतं. गोल अॅल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक असतील तर काहीजण हळूहळू व्होल्टेज चढवून ते परत तयार करायला सांगतात. मी इतक्या जुन्यांवर तो वेळ घालवत नाही, सरळ बदलतो. आताचे ६८ एमएफडी (मायक्रोफॅरड) ४५० व्होल्टचे तीन सिरीजमधे, प्रत्येकावर २२० के २ वॉट. तीन का, दोन का नाही, तर ७०० व्होल्ट एसी चं शिखर जवळजवळ १००० व्होल्ट असतं आणि चोक इनपुटचा (रेक्टिफायरच्या पुढे आधी चोक असलेला) सप्लाय ब्लीडर (एचटीवर कायम लावलेला, ती उतरवणारा रेझिस्टर) ओपन झाला की रिकामा असताना तिथपर्यंत चढतो. म्हणून ब्लीडरसुद्धा मोजा, २५ के ५० वॉटचा वायरवाउंड ठीक, ६०० व्होल्टवर त्यात १४ वॉट जातात म्हणजे तो चांगलाच तापणार, त्याला वायर चिकटू देऊ नका. मात्र रेक्टिफायर आणि चोकच्या मधे नवीन मोठा कंडेन्सर घालू नका. हम कमी होईल असं वाटतं, पण व्होल्टेज वर जातं आणि ५आर४ ला सुरुवातीचा झटका सोसत नाही.

मग पहिली वीज. तुम्हाला कुणीतरी सांगेलच की व्हेरिअॅकने (मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढवा. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या सेटमधे त्याचा फारसा उपयोग नाही, कारण अर्ध्या व्होल्टेजला ५आर४ चं फिलामेंट पुरतं तापतच नाही, एचटी जवळजवळ शून्य राहते आणि मग वर जाताना एकदम येते. सोपा उपाय म्हणजे इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड, त्यात १०० वॉटचा फिलामेंटवाला बल्ब, एलईडी चालणार नाही. आधी ५आर४ आणि ८०७ दोन्ही काढून फक्त ट्रान्सफॉर्मर आणि ६व्ही६ चा हीटर. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर ठीक, तसाच भगभगत राहिला तर शॉर्ट आहे, तिथेच थांबा. हे पार पडलं की बोर्ड काढून थेट मेनवर, ८०७ लावून, हीटर पिनांवर मोजा. ६.३ हवेत, ६.० ते ६.६ चालतील. जुने ट्रान्सफॉर्मर कधीकधी २०० किंवा २२० साठी गुंडाळलेले असतात आणि आपल्याकडे रात्री २४० च्या वर जातं, तेव्हा हीटर ७ च्या आसपास पोचतो आणि व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं.

८०७ हातात असतानाच त्याच्याकडे बघून घ्या. काचेवरचा आरशासारखा डाग चंदेरी असेल तर पोकळी शाबूत आहे, पांढरा झाला असेल तर हवा शिरली, तो गेला. पुढे चालू असताना काचेच्या आतल्या भिंतीवर निळसर चकाकी दिसली तर घाबरू नका, ते नेहमीचंच. पण इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत जांभळा धूसर उजेड भरला तर आत गॅस आहे.

आता तुमच्या मूळ दोषाकडे. कपलिंग कंडेन्सर म्हणजे ६व्ही६ ची प्लेट आणि ८०७ ची पिन ३ यांच्या मधला, बहुतेक १०० पीएफ चा चपटा तपकिरी मायका. त्याचं पिन ३ कडचं टोक सोडवा, मोकळं टोक आणि चेसिस यांच्या मधे डिजिटल मीटर क्लिपने लावा, १००० व्होल्ट डीसी रेंजवर. क्रिस्टल काढलेला, ८०७ काढलेला, की उघडी. हात बाहेर, मग एचटी चालू. क्षणभर काटा, म्हणजे आकडा, वर जाऊन शून्याकडे यायला पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर काही टिकून राहिलं तर कंडेन्सर बदला. कपॅसिटन्स मीटरवर हाच कंडेन्सर अगदी बरोबर १०० दाखवेल, त्यामुळे तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, गळती फक्त व्होल्टेजखाली दिसते. बदलताना १००० व्होल्टचा सिल्व्हर मायका किंवा चांगला सीओजी सिरॅमिक.

कंडेन्सर परत जोडला, आता ड्राइव्ह मोजायचा. ग्रिड लीकचं चेसिसकडचं टोक सोडवून मधे १०० ओहम घाला आणि त्याच्यावर ०.०१ एमएफडी. या १०० ओहमवर ०.३ व्होल्ट म्हणजे ३ मिलिअँप. थेट ग्रिडवर डिजिटल मीटर लावू नका, आरएफमुळे तो काहीही आकडे दाखवतो. ८०७ सॉकेटमधे, पण टोपीची वायर काढून इन्सुलेट केलेली आणि स्क्रीनचा फीड सोडवलेला, दोन्ही, कारण प्लेट काढून स्क्रीन चालू ठेवला तर स्क्रीनची जाळी जळते, ती जेमतेम साडेतीन वॉट सोसते. क्रिस्टल लावा, की दाबा, ऑसिलेटरचा कंडेन्सर फिरवा. ३-४ मिलिअँप आला तर तुमचं अर्धं काम झालं, ५ च्या वर नेऊ नका. काहीच आलं नाही तर ऑसिलेटर बंद आहे.

ऑसिलेटर बंद असण्याचं सगळ्यात साधं कारण क्रिस्टल. युद्धकाळातले एफटी-२४३ होल्डरमधले असतील तर तीन स्क्रू काढून काचेसारखी चकती कडेने धरून आयसोप्रोपिलने धुवा, वाळवा, त्याच क्रमाने परत बसवा. आधी जवळच्या रिसीव्हरवर ऐका, बहुतेक वेळा अशी धुतल्यावर परत बोलायला लागते. मात्र नवीन छोटा एचसी-४९ क्रिस्टल तिथे लावायचा मोह टाळा. ६व्ही६ तीनशे व्होल्टवर चालत असेल तर तो त्या नाजूक चकतीतून इतका करंट फिरवतो की ती तडकते. लावायचाच असेल तर ऑसिलेटरची एचटी १५० पर्यंत खाली आणा. आणि प्लेटला ट्यून सर्किट असलेला ऑसिलेटर असेल तर डिप (ट्यून होताना करंट खाली पडतो ती जागा) एका बाजूने हळूहळू येतो आणि दुसऱ्या बाजूला धाडकन बंद पडतो. तळाशी ठेवू नका, हळू उताराच्या बाजूला थोडा मागे ठेवा, नाहीतर दर दोन-चार डॅशनंतर बंद पडेल आणि प्रत्येक वेळी ८०७ लाल होईल. कुणी सांगावं, तुमचं तेवढंच असेल, डायल हलला असेल माळ्यावरून काढताना.

ड्राइव्ह आला, आता पूर्ण सेट. डमी लोडशिवाय, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरशिवाय, पुढे जाऊ नका. १ के २ वॉटचे वीस मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम ४० वॉट होतात, फार खर्चाचं काम नाही, वायरवाउंड घेऊ नका. आधी आउटपुटची रचना बघा. जुन्या पद्धतीची प्लग-इन कॉइल आणि शेजारी दोन-तीन फेऱ्यांची लिंक असेल तर मुख्य कॉइलवर आणि कंडेन्सरवर बहुधा पूर्ण एचटी आहे, फिरवायच्या नॉबचा ग्रब स्क्रूसुद्धा तपासा. पाय नेटवर्क (दोन बाजूंना कंडेन्सर आणि मधे कॉइल) असेल तर अँटेनाच्या सॉकेटवरून चेसिसला २.५ मिलिहेन्रीचा एक चोक आहे का बघा, नसेल तर आजच लावा. प्लेटचा ब्लॉकिंग कंडेन्सर फुटला तर हा चोक एचटी शॉर्ट करून फ्यूज उडवतो. तो नसेल तर ६०० व्होल्ट सरळ तुमच्या गच्चीवरच्या अँटेनावर जातात, जिथे घरातलं कुणीतरी कपडे वाळत घालतंय.

पाय नेटवर्कचे आकडे ताळ्यात आहेत का तेही बघता येतं. ६०० व्होल्ट आणि ९० मिलिअँपला प्लेटचा लोड साधारण ३३०० ओहम. क्यू (सर्किट किती धारदार ट्यून होतं त्याचा आकडा) १२ धरला आणि ५० ओहमची कोअॅक्स, तर ७ मेगाहर्ट्झला प्लेटकडे ८० पीएफ, कॉइल ७ मायक्रोहेन्रीच्या जरा आत, अँटेनाकडे ४९० पीएफ च्या आसपास. आपल्याकडे अँटेनाच्या बाजूला जुन्या रेडिओचा गँगच (ट्यूनिंगचा फिरता कंडेन्सर) वापरलेला असतो आणि तो चालतो, तिथे व्होल्टेज कमी असतं. प्लेटच्या बाजूला मात्र पाती लांब-लांब असलेलाच हवा.

ट्यून करताना लोडिंगचा कंडेन्सर पूर्ण आत, म्हणजे जास्तीत जास्त कपॅसिटी. की दाबा, लगेच प्लेटचा कंडेन्सर फिरवून करंट सगळ्यात खाली आणा, की सोडा. मग लोडिंग थोडं उघडा, परत डिप, की सोडा. असं करत डिपचाच करंट ८५-९० पर्यंत येऊ द्या. एका वेळी पाच-सहा सेकंदांच्या वर की दाबून ठेवायची नाही आणि डोळा प्लेटवर. ६०० गुणिले ०.०९ म्हणजे ५४ वॉट इनपुट, त्यातले ३५-३८ वॉट बाहेर आले तर आजोबांच्या हाताला दाद द्या. तुमच्या लायसन्सवर किती पॉवर लिहिलीये आणि ती कशी मोजलेली आहे ते वाचून त्याप्रमाणे खाली ठेवा. क्रिस्टलची फ्रिक्वेन्सीही ऐकून खात्री करा, आपला चाळीस मीटर ७.० ते ७.२.

इथे एक खूण बघा. प्लेट करंट सगळ्यात खाली असतो त्याच जागी ग्रिड करंट सगळ्यात वर असायला हवा. दोन्ही वेगवेगळ्या जागी येत असतील, किंवा डिप नीट न येता काटा उड्या मारत असेल, तर ८०७ स्वतःच्याच मनाने ऑसिलेट होतोय. या व्हॉल्व्हची ती खोड जुनी आहे, गेन भरपूर, आणि टोपीपर्यंतची वायर लांब. टोपीपाशी ४७ ओहम २ वॉटच्या कार्बनवर चार-पाच फेऱ्या असलेला सप्रेसर आहे का बघा आणि तो रेझिस्टर मोजा, बहुतेक वेळा तो जळून ओपन झालेला असतो आणि वरच्या फेऱ्यांमुळे बाहेरून कळत नाही. खालच्या अर्ध्या काचेभोवती पत्र्याचं शील्ड होतं का, त्याच्या स्क्रूच्या खुणा दिसतील, कुणीतरी काढलं असेल तर परत लावा.

सगळं जुळलं तरी एक कमतरता या रचनेतच राहते, उद्या क्रिस्टल अडला की परत लाल. यावर मी एक छोटा स्थिर बायस घालतो. १८-०-१८ चा छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन टोकं वापरली की ३६ व्होल्ट, डायोड आणि कंडेन्सरनंतर ५० च्या आसपास. पॉझिटिव्ह टोक चेसिसला, निगेटिव्ह ग्रिड लीकच्या खालच्या टोकाला, कंडेन्सर लावताना दिशा बघा. ग्रिड लीक मग १५ के ऐवजी ४.७ के, म्हणजे ड्राइव्ह असताना एकूण साठ-पासष्ट. थोडा ड्राइव्ह जास्त लागतो पण ८०७ वाचतो. क्लॅम्प व्हॉल्व्ह (ड्राइव्ह गेला की ८०७ च्या स्क्रीनचं व्होल्टेज खाली ओढणारा) लावायची पद्धतही होती, तुमच्या चेसिसवर रिकामं तिसरं सॉकेट असेल तर बहुधा त्याचसाठी होतं, तसं असेल तर बायसच्या आधी मला कळवा. काहीही घाला पण नवीन भोक न पाडता घाला, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत चिठ्ठी लावून ठेवा. हा सेट एका माणसाने हाताने पत्रा कापून बनवलाय, पुढे कुणाला तो होता तसा करावासा वाटला तर करता आला पाहिजे.

८०७ शेवटी लागलाच तर तो दुर्मिळ नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची जुनी दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे जुन्या हॅम लोकांची कपाटं, रेडिओ क्लबमधे विचारा. रशियन बनावटीचेही चांगले चालतात. १६२५ म्हणजे आतून तोच व्हॉल्व्ह, पण हीटर १२.६ व्होल्ट आणि सॉकेट सात पिनांचं. ६१४६ बसवायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका, सॉकेट वेगळं, गेन आणखी जास्त, सगळी मांडणी बदलावी लागेल.

आत्ता फक्त तीन गोष्टी मोजून सांगा, तिन्ही वीज न लावता किंवा ८०७ काढून होतात: पिन ३ ते चेसिस रेझिस्टन्स, कपलिंग कंडेन्सरची गळती, आणि ब्लीडर किती ओहम. त्याबरोबर चेसिसच्या खालच्या बाजूचा एक स्पष्ट फोटो आणि की कुठे जोडलीये ते. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल, आणि तोपर्यंत ८०७ कापसात गुंडाळून कपाटात ठेवा.